सातव्या इनिंगमध्ये तो उठला नाही

आमच्या चौघांत बेसबॉलच्या नादी पहिल्यांदा लागला तो माझा हा मित्र. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं टोरंटोत एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी मिरजेहून डॉक्टर होऊन आलो होतो आणि इथली इंटर्नशिप पुन्हा पहिल्यापासून करत होतो. तो सांगलीचा, एका सर्व्हेइंगच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. ऑफिसातल्या लोकांचं बोलणं त्याला अर्धंच कळायचं, म्हणून त्यानं एक छोटा ट्रान्झिस्टर आणला. बातम्यांतलं इंग्रजी फार भरभर जायचं. बेसबॉलचा समालोचक मात्र सावकाश बोलायचा. दोन चेंडूंच्या मध्ये त्याला वेळच वेळ असे. त्या वेळात तो हवापाण्याबद्दल बोले, कुणाच्या गुडघ्याबद्दल बोले. माझा मित्र त्याच्यामागून ती वाक्यं पुटपुटत राहायचा. असं करता करता भाषा आली आणि भाषेबरोबर खेळही आला.

"क्रिकेट सोडून हे काय लावलंयस?" मी विचारायचो.

"क्रिकेट तिकडं राहिलं," तो म्हणायचा. "इथं जे चाललंय ते बघावं माणसानं."

शहराची टीम तेव्हा नवी होती आणि सारखी हरायची. आम्हीही नवेच होतो. पुढं तिनं दिवस पाहिले, नव्वदीच्या सुरुवातीला लागोपाठ दोनदा जगज्जेतेपद मिळवलं, आणि मग जे हरणं सुरू झालं ते वीसेक वर्षं संपेना. या काळात मी कितीदा तरी कंटाळलो. तो नाही. सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी, टीम शर्यतीतून कधीच बाहेर पडलेली असताना, तो मला ओढून स्टेडियमवर न्यायचा. वरच्या मजल्यावर आमच्या रांगेत आम्ही दोघंच. एकदा मी वैतागून म्हणालो, "बाबा रे, लोक शहाणे आहेत, घरी बसलेत." त्यानं वहीतून मान वर केली नाही. "देश सोडला तेवढं पुरे झालं," म्हणाला. "टीम नाही सोडायची."

वही हा त्याचा नेम होता. प्रत्येक खेळाडूची ओळ आणि प्रत्येक इनिंगची चौकट, आणि त्या चौकटीत काय झालं त्याची खूण. तो हे सगळं मराठीत लिहायचा. आकडे देवनागरी, चूक झाली की 'चू', होम रनला, म्हणजे फटका थेट मैदानाबाहेर गेला की, 'घ'. ड्राफ्ट्समनचं अक्षर, छापल्यासारखं. अशा वह्यांचं एक अख्खं कपाट त्याच्या घरी होतं.

आमच्या अड्ड्यातले बाकीचे दोघे नंतर आले. एक नागपूरकर, पाइपलाइन कंपनीतून रिटायर झालेला इंजिनियर. टोरंटोजवळ रिचमंड हिलला त्याचं मोठं घर होतं, आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही जमायचो. दुसरा गणिताचा प्राध्यापक. त्याला खेळापेक्षा सरासऱ्यांत रस होता आणि तो प्रत्येक चेंडूआधी शक्यता सांगायचा. चौघांच्या जागा ठरलेल्या होत्या. सोफ्याच्या डाव्या टोकाला माझा मित्र, त्याच्या शेजारी मी, मग प्राध्यापक, आणि घरमालक नागपूरकर आरामखुर्चीत. नियमही ठरलेला होता. सामना अडला की कुणी जागा सोडायची नाही. जिंकण्याच्या त्या जुन्या वर्षांत नागपूरकर एकदा चहा ठेवायला वर गेला आणि तेवढ्यात आपल्यावर रन चढल्या. त्याला हाका मारून खाली आणला, खुर्चीत बसवला, आणि आपण जिंकलो. तेव्हापासूनचा नियम. आम्ही चौघंही शिकलेली माणसं, दोघं तर विज्ञानावरच पोट भरलेले. पण तो नियम आम्ही पाळायचो. मित्राची स्वतःची एक सवय होती. सामना फार ताणला की तो निळी टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचा. "बघवत नाही," म्हणायचा आणि टोपीखालून बघत राहायचा.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात टीम अचानक जिंकायला लागली. इतक्या वर्षांत ज्यांनी कधी बेसबॉलचं नाव घेतलं नव्हतं, असे लोक मंडळाच्या गणपतीत निळे टी-शर्ट घालून आले. माझा मित्र त्यांच्याशी हसून बोलायचा आणि मग माझ्या कानात म्हणायचा, "हे सगळे काल आलेले."

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी, दुपारी चार वाजता, प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्या फेरीचा शेवटचा सामना होता. जो हरेल तो घरी. नागपूरकराच्या बायकोनं साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती आणि ती मैत्रिणीकडे गेली होती. मित्राला त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, गाडीनं आणून सोडलं. ह्याचं मला जरा नवल वाटलं होतं, कारण तो स्वतः गाडी चालवायचा. पण मी विचारलं नाही. तो जिना उतरून खाली आला, कठड्याला धरून, आणि आपल्या जागी बसला. खिचडी घेतली नाही.

"अरे, उपासालाही चालते ही. का नको?" प्राध्यापकानं विचारलं.

"पोट जरा जड आहे."

त्याला मधुमेह होता, पंधरा-सोळा वर्षांचा. मधुमेह्याचं हृदय छातीतल्या दुखण्यानंच बोलतं असं नाही. कधी पोट जड होतं, कधी जबडा दुखतो, कधी नुसताच घाम येतो. हे मी तीस वर्षं पेशंटना सांगत आलो होतो. प्रॅक्टिस बंद करून मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

सहाव्या इनिंगअखेर दोन-दोन अशी बरोबरी झाली. सातवीच्या पहिल्या अर्ध्यात, समोरची टीम बॅटिंग करत असताना, एक विचित्र गोष्ट घडली. आपल्या कॅचरनं चेंडू पिचरकडे परत टाकला, तो समोरच्या बॅटरच्या बॅटला लागून भलतीकडे गेला, आणि त्यांचा एक गडी तेवढ्यात घरी, म्हणजे होम प्लेटवर, पळून रन घेऊन गेला. अंपायरनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. वाद सुरू झाला. प्रेक्षकांनी मैदानात कॅन फेकले. खेळ बराच वेळ थांबला. आपण दोन, ते तीन.

त्या थांबलेल्या वेळात मित्र माझ्याकडे वळला. त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ते मी पाहिले. आजही पाहतो. डाव्या हातानं तो जबडा चोळत होता. तेही पाहिलं.

"मी जरा वर जाऊन येतो," तो म्हणाला. "वॉशरूमला."

"आत्ता?" मी म्हणालो. "बस खाली. जागा सोडायची नाही."

प्राध्यापक हसला. मित्रही हसला, अर्धवट. "बरं," म्हणाला आणि मागे टेकला. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. वही मांडीवर, हातात पेन्सिल.

हे मी थट्टेनं बोललो होतो. कुणीही तसं बोललं असतं. पण 'कुणीही' म्हणजे डॉक्टर नव्हे, आणि त्याच्या शेजारी बसलेला डॉक्टर तर नव्हेच.

सातवीच्या दुसऱ्या अर्ध्यात आपली बॅटिंग आली. समोरच्या टीमनं एकामागून एक तीन चुका केल्या. तीनही बेसवर आपले गडी उभे राहिले. आम्ही ओरडत होतो. मग एक आउट. मग एक लेचापेचा फटका, चेंडू कुणाच्याच हाती न लागता पडला आणि बरोबरी झाली. दोन आउट. आणि मग आमच्या उजव्या फील्डरनं चेंडू असा मारला की बॅटचा आवाज ऐकताच कळलं, होम रन. चेंडू कुठं पडतो ते बघायलाही तो थांबला नाही. त्यानं बॅट बाजूला भिरकावली. पुढं ती बॅट भिरकावणं सगळ्या देशानं पाहिलं.

आम्ही उठलो. नियम, जागा, सगळं सोडून तिघंही उभे राहून नाचत होतो. नागपूरकरानं प्राध्यापकाला उचललं. बेसवरचे दोघं आणि मारणारा, तिघंही घरी आले होते. आपण सहा, ते तीन. आणि तेवढ्यात प्राध्यापक धापा टाकत म्हणाला, "याची निष्ठा बघा. अजून जागा सोडली नाही!"

मी वळलो. तो तसाच बसला होता, टोपी डोळ्यांवर. मी त्याचा हात धरून ओढला, उठवायला. हाताचा स्पर्श होताच मला कळलं.

त्यापुढचं मी अनेकांना सांगितलंय, कारण सगळ्यांनी विचारलं. त्याला गालिच्यावर निजवलं, नागपूरकरानं नाइन-वन-वन फिरवला, मी छाती दाबत राहिलो. मी मोजत होतो आणि टीव्हीवर तो फटका पुन्हापुन्हा दाखवत होते. टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. ॲम्ब्युलन्स लवकर आली. त्या लोकांनी मला बाजूला केलं, त्यांचं सगळं केलं, पण उपयोग झाला नाही. त्यांच्यातली एक बाई जाताना मला म्हणाली की तुम्ही योग्य तेच केलंत. मी मान हलवली.

स्ट्रेचर वर गेल्यावर मला सोफ्याखाली त्याची वही दिसली. मी ती कोटाच्या आत घातली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

फ्युनरल होममध्ये वहिनी पांढऱ्या शालीत बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "भाऊजी, ह्यांनी तो होम रन पाहिला ना?"

"पाहिला वहिनी," मी म्हणालो. "पाहिला आणि मग गेला."

त्यांनी डोळे मिटले. नंतर आलेल्या प्रत्येकाला त्या तेच सांगत होत्या. ह्यांनी होम रन पाहिला हो. ह्यांची टीम जिंकताना बघून गेले. लोक म्हणायचे, भाग्यवान. असं मरण यावं. माझ्या बायकोनंही घरी येताना गाडीत हेच म्हटलं, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

वही मी त्याच आठवड्यात उघडली होती. चौथ्या इनिंगपर्यंत अक्षर नेहमीचं. पाचवीत आकडे थोडे मोठे झाले होते. सहावीत ते चौकटीच्या बाहेर आले होते. मी आयुष्यभर ईसीजीचे कागद वाचले आहेत. ते पानही मला तसंच वाचता आलं. सातवीच्या दुसऱ्या अर्ध्यात पहिल्या चौकटीत 'चू'. दुसऱ्या चौकटीत 'चू', फार फिकट. तिसऱ्या चौकटीत नुसती एक रेघ, वरून सुरू होऊन खाली घसरलेली, पानाच्या कडेपर्यंत. होम रनला अजून निदान दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं मी त्याच्या शेजारी बसून टाळ्या पिटत होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला अवघड जातं, कारण त्यात घडलं असं काही नाही. तो क्षण या देशाचा लाडका झाला, एवढंच. दातांच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये बसलो की टीव्हीवर तो फटका. ग्रोसरीच्या रांगेत माझ्या पुढच्या बाईच्या पाठीवर बॅट भिरकावणाऱ्या माणसाचं चित्र. नातीनं कौतुकानं मला फोनवर तेच दाखवलं, "आजोबा, लुक!" पेशंट नसलेल्या डॉक्टरच्या दुपारी मोठ्या असतात. त्या दुपारी मी स्वतःच ते चित्रण लावू लागलो. आधी मिनिटं मोजायला. मग नुसतंच. चेंडू सुटायचा, फटका बसायचा, आणि मी पडद्याकडे न बघता माझ्या डाव्या हाताला बघायचो, आमच्या घरच्या सोफ्याच्या रिकाम्या टोकाकडे.

एकदा मला तो दिसला. फटक्यानंतर कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरतो, सगळं स्टेडियम उभं आहे, आणि वरच्या मजल्यावर, आम्ही बसायचो त्याच बाजूला, एक माणूस बसलेला. निळी टोपी डोळ्यांवर. मी चित्रण मागं नेलं, पुन्हा पाहिलं. नव्हता. त्यानंतर कितीतरी वेळा शोधलं. पुन्हा सापडला नाही, आणि एकदा दिसला होता ही खात्रीही गेली नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. तसं कुणी विचारलं तर आजही नाहीच म्हणेन.

पुढच्या वर्षीच्या शरदात टीम पुन्हा प्लेऑफला पोचली. नागपूरकराचा फोन आला.

"येशील का?"

"सोफा आहे अजून?"

"आहे," तो म्हणाला. "बायको म्हणते टाकून दे. मला होत नाही रे."

आम्ही तिघं बसलो. मी माझ्याच जागी. डावीकडची गादी थोडी दबलेली होती, इतक्या वर्षांच्या बसण्यानं. नागपूरकरानं तिच्यावर काही ठेवलं नव्हतं, आणि आम्हीही ठेवलं नाही. प्राध्यापकानं शक्यता सांगितल्या नाहीत. पाचव्या इनिंगला मला शेजारी कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट, आकडा लिहून खाली रेघ मारावी तसा. मी वळलो नाही. प्राध्यापकाच्या हातात काही नव्हतं आणि तोही समोर बघत होता, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंही मला नाही. आपण तो सामना जिंकलो. उठून कुणी नाचलं नाही.

त्या हिवाळ्यात वहिनींचा फोन आला. घर विकून त्या कॉन्डोत, छोट्या फ्लॅटात, जाणार होत्या. "ह्यांच्या वह्या आहेत," म्हणाल्या. "माझ्यानं टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. तुम्ही येऊन बघता का?"

मी कोटाच्या आत ती एक वही घेऊन गेलो. रस्त्यात ठरवलं होतं की सांगायचं. त्यांच्या दारात पोचेपर्यंत ठरवलं होतं की नाही सांगायचं. ड्राइव्हवेवर बर्फ साचलं होतं. मी आधी ते फावड्यानं शोव्हल केलं. त्यांनी दोनदा दारातून हाक मारली, "भाऊजी, राहू द्या हो," तरी मी शेवटपर्यंत केलं.

आत त्यांनी चहा दिला. कपाट उघडं होतं, वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या. त्या माझ्यासमोर बसल्या आणि वह्यांबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

"तुम्हाला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही डॉक्टर आहात म्हणून. खरं सांगा."

"विचारा."

"त्या दिवशी सकाळपासूनच ह्यांना बरं वाटत नव्हतं. घाम येत होता. मी म्हटलं, भाऊजींना फोन करते. हे म्हणाले, आज नको, तो मला मॅच बघू देणार नाही. उद्या सांगतो त्याला. गाडी चालवायला नको म्हणून मीच आणून सोडलं. मी गाडीत होते, भाऊजी. तुमच्या घरावरूनच गेलो आम्ही." त्यांनी कप खाली ठेवला. "तेव्हाच थांबवली असती गाडी, तर?"

इतकी वर्षं पेशंटच्या घरच्यांना मी या प्रश्नाचं उत्तर दिलंय. ते उत्तर पाठ असतं. तुमच्या हातात काही नव्हतं, वेळ आली होती. मी ते म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणवेना.

"कदाचित वाचला असता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच हवं होतं.

"पण वहिनी, माझ्याकडं तुमच्यापेक्षा जास्त वेळ होता," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. घाम, जबडा, वॉशरूम. मी काय म्हणालो ते शब्द जसेच्या तसे. मग वही काढून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. नवऱ्याच्या इतक्या वह्या घरात असून त्यांनी एकही कधी उघडली नव्हती. "हे कसं वाचायचं?" त्यांनी विचारलं. मी शिकवलं. पहिल्या इनिंगपासून, एकेक चौकट. हा बाद झाला, हा पळाला, हा घरी आला. त्या बोट ठेवत माझ्यामागं येत होत्या. याला बराच वेळ लागला. सातवीशी पोचलो तेव्हा बाहेर संधिप्रकाश झाला होता. पहिली 'चू', दुसरी 'चू', आणि ती रेघ. त्यांनी रेघेवरून बोट खालपर्यंत नेलं.

"म्हणजे होम रन पाहिला नाही."

"बहुतेक नाही."

"मग तेव्हा किती होते?"

"आपण दोन. ते तीन."

"म्हणजे हरतच होतो."

"हो."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "हरायची ह्यांना सवय होती." हसू आलं म्हणून त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण ते हसू राहिलं नाही. त्या रडायला लागल्या. त्यांच्या खुर्चीपर्यंत जावं की न जावं हे मला कळेना. शेवटी मी बसूनच राहिलो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत. ती वही त्यांनी ठेवून घेतली, बाकीच्या माझ्या गाडीत गेल्या.

त्यानंतर पाच महिने त्यांचा फोन नव्हता. मी केला तर उचलायच्या नाहीत. माझी बायको म्हणाली, "तुम्ही त्यांचं होतं तेवढं एक सुखही काढून घेतलंत." मला वाटायचं की ती म्हणते ते खरं आहे. कधी वाटायचं, खोट्यावर त्या किती दिवस बसल्या असत्या. दोन्ही वाटायचं, एकाच दुपारी.

त्या उन्हाळ्यात टीम पुन्हा नेहमीसारखी हरायला लागली होती. जुलैतल्या एका रविवारी दुपारी आम्ही तिघं बेसमेंटमध्ये होतो. तिसऱ्या इनिंगला प्राध्यापकानं छातीवर हात ठेवला आणि ढेकर दिला.

"काय होतंय?" मी उभा राहिलो.

"काही नाही. बटाटेवडे."

"जबडा दुखतोय? हात? उठ."

"अरे, दोन गडी बेसवर आहेत!"

"उठ म्हणतो ना!"

मी इतक्या जोरात ओरडलो की नागपूरकरानं टीव्ही बंद केला. प्राध्यापक माझ्याकडे बघत राहिला आणि मग मुकाट उठला. नागपूरकर गाडी चालवत होता, मी मागच्या सीटवर प्राध्यापकाच्या मनगटावर बोटं ठेवून. नाडी व्यवस्थित होती. माझी मात्र नव्हती.

इमर्जन्सीत सगळ्या तपासण्या झाल्या. चार तास गेले. नागपूरकराला मध्येच घरी पाहुणे येणार म्हणून जावं लागलं. शेवटी तिथली तरुण डॉक्टर येऊन म्हणाली की हृदय उत्तम आहे, ॲसिडिटी आहे. प्राध्यापकानं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. आता घरी न्यायला कोण? माझी बायको भारतात गेली होती. टॅक्सी बोलवायला मी फोन काढला आणि माझं बोट वहिनींच्या नावावर थांबलं. या वेळी त्यांनी उचलला. मी इमर्जन्सीतून बोलतोय, असं म्हणालो.

"कोण आहे इमर्जन्सीत?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. आवाज बदलला होता.

"प्राध्यापक. पण ठीक आहे. नुसती ॲसिडिटी. मी जबरदस्तीनं आणलं."

फोनवर किल्ल्यांचा आवाज आला.

"थांबा तिथंच," त्या म्हणाल्या. "आले."

त्या वीस मिनिटांत आल्या. प्राध्यापक पुढं बसला, मी मागं. पार्किंगमधून बाहेर पडल्यावर प्राध्यापक म्हणाला, "वहिनी, या माणसानं माझी मॅच घालवली. कितीवर संपली तेही कळलं नाही."

"हरलो," वहिनी म्हणाल्या. "नऊ-दोन."

प्राध्यापक त्यांच्याकडे वळून बघत राहिला. मीही. त्यांनी आरशातून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सिग्नल हिरवा झाला म्हणून गाडी पुढं घेतली.

"तुम्ही जेवलात का दोघं?" त्यांनी विचारलं. "घरी मुगाची खिचडी आहे. प्राध्यापकांना चालेल ना, ॲसिडिटीला?"

"चालेल," मी म्हणालो. "तूप कमी घाला."